पेटीतला पाय

कबर खोदणाऱ्याचा फोन साडेदहाला आला आणि ठोकळ्याने निरोप जसाच्या तसा भरल्या बैठकीत सांगून टाकला. "पाय सापडला म्हणतोय."

शवपेटीपाशी बसलेल्या दोन शेजारणींनी गाणं अर्ध्यावर सोडलं.

"पेटी सापडली म्हण," ताई म्हणाली. "काहीतरी बोलायचं आपलं."

"तो पाय म्हणाला."

"त्याला काय कळतंय! न उघडता इकडे आणायला सांग. बाराच्या आत. चारला निघायचंय आपल्याला."

ठोकळा हा शवपेटीतल्या पपांचा एकुलता एक मुलगा, ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी तो इतका कमी बोलायचा की कारखान्यातल्या कोणीतरी त्याला हे नाव दिलं, आणि आता पन्नाशी आली, कारखाना त्याच्या हातात आला, तरी नाव काही सुटलं नाही. सकाळपासून तो ताईवर धुमसत होता. पपांना कपडे चढवताना ताईने त्यांचा बनवलेला पाय उजव्या गुडघ्याखालून सोडवला आणि खाली कारखान्यात दाराआड नेऊन ठेवला. ठोकळ्याने तीन महिने खपून केलेला पाय होता तो. "तिथे खऱ्या पायाची जागा आहे," एवढंच ताई म्हणाली. पंधरा वर्षं शाळेची हेडबाई राहिलेल्या बाईला दुसऱ्याचं मत विचारायची सवय उरत नाही.

"पेटी वर काढू नका," खिडकीपाशी बसलेले काका म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काका म्हणजे पपांचे धाकटे भाऊ. शहात्तर वर्षांचे, लग्न न केलेले, आयुष्यभर याच घरात मागच्या खोलीत राहिलेले. घरातल्या कुठल्याही भांडणात त्यांनी आजवर बाजू घेतली नव्हती. आवाज चढले की ते खाली जाऊन लाकूड तासत बसायचे.

"आहे तिथे राहू द्या," ते म्हणाले. "दादा तिथेच जाणार आहे ना? शेजारी शेजारी राहतील."

"काका, पपांनी मंगळवारी मला काय सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत," ताई म्हणाली.

ऐकलं होतं सगळ्यांनीच. पपांना धाप लागत होती, तरी एकेक शब्द स्पष्ट होता. पेटी लहान होती. बोटं वाकवून बसवलीत. उघडा, पाय सरळ करा आणि माझ्याजवळ ठेवा. तिकडे तरी नको हे दुखणं.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी कारखान्यात लाकडाची थप्पी कोसळली आणि पपांचा उजवा पाय गेला. ते तेव्हा एकवीसचे होते. डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला. आजीने मुलगा वाचला म्हणून देवाचे आभार मानले आणि लगेच विचारलं, कापलेला पाय कुठे आहे? शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार, तसा माझाही मुलगा उठणार, आणि काय लंगडत उठणार? तिने पाय मागवून घेतला. पेटीत घालून, प्रार्थना म्हणून, घराण्याच्या जागेत तो पुरला. पुढे ती स्वतःही त्याच जागेत गेली. पपा पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, "लोकांचा म्हातारपणी एक पाय कबरीत जातो, मी तरुणपणीच पाठवून मोकळा झालो." पण रात्री तोच नसलेला पाय त्यांना जाळायचा. अंगठा कोणीतरी आत दुमडून दाबतंय असं म्हणायचे आणि उशीत तोंड खुपसायचे. पेटी लहान झाली, बोटं अडकली, हे त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं आणि घरादाराने ते मानलं.

ताईने मंगळवारी त्यांना शब्द दिला होता. तो खाली पडू देणं तिच्या रक्तात नव्हतं. पेटीत काय दिसेल या विचाराने तिलाही धडकी भरत होती. पहाटे उठून तिने एक पांढरी उशीची खोळ इस्त्री करून ठेवली होती, हाडं ठेवायला. ते ती कोणाला बोलली नाही.

"ताई, काकांचं ऐका," सून, ठोकळ्याची बायको, म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. या घरात भिऊन न बोलणारी ती एकटीच. "इतक्या वर्षांनी आत काय उरलं असेल, ते आईंसमोर उघडायचं नाही. मी सांगते ना."

"मला काही होत नाही," शवपेटीच्या उशाशी बसलेली आई म्हणाली. "बावन्न वर्षं त्या खुंटाला तेल लावलंय मी. राहिलेला भाग बघितला तर काय मरणार आहे?"

"आई, तुम्ही तरी..."

"त्यांनी सांगितलंय ना? मग सरळ करा त्यांचा पाय." तिने काकांकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्हीच ती पेटी केली होती. तुमच्या हाताने उघडा. त्यांना आवडेल."

काका म्हणाले, "मी पाळकांना विचारतो," आणि जिना उतरले. ताईला त्यांचा राग आला. इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाला आजच कंठ फुटायचा होता!

*

पाळक तरुण होते, या मंडळीत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. काकांनी त्यांना वर जाऊच दिलं नाही. कारखान्यात, भिंतभर लावलेल्या लाकडी पावलांसमोर एका स्टुलावर बसवलं.

घराण्याचा धंदा कलबुतांचा. कलबूत म्हणजे ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात तो पावलाच्या आकाराचा लाकडी साचा. तीन पिढ्या या घराने दुसऱ्यांची पावलं कोरली. आता कारखान्यांना प्लॅस्टिकचे साचे लागतात, पण हाताने बूट करणारे थोडे कारागीर अजून इथे यायचे. फळ्यांवर जोड्या मापाप्रमाणे मांडलेल्या होत्या. काका त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"पाळकसाहेब, एक सांगा. माणूस उठणार तो याच शरीराने उठणार ना?"

"याच, पण बदललेल्या. बी मातीत घालतो आपण. उगवतं ते बीसारखं दिसत नाही, पण त्याच बीचं असतं."

"आणि बीच मातीत पडलं नसेल तर?"

पाळक जरा हसले. हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला असावा. "काका, किती लोक समुद्रात बुडाले, किती आगीत गेले. त्यांचं काय उरलं? तरी ते उठणारच. देवाला तुकडे जुळवत बसावं लागत नाही."

"मग पेटी कशाला काढायची? तुम्ही ताईला सांगा ना हे."

"सांगेन. पण तिने वडिलांना शब्द दिलाय. शास्त्राची त्याला आडकाठी नाही. मी मना कसं करू?"

पाळक हा काकांचा शेवटचा आधार होता, आणि तोही गेला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"समजा, जळालं," ते म्हणाले. "दवाखान्याच्या भट्टीत. इतर दहा जणांच्या कशाकशाबरोबर. राख कोणी कुठे टाकली तेही कोणाला माहीत नाही. तरी जमवील?"

"तरी."

"तुमची खात्री आहे?"

"माझी श्रद्धा आहे."

"मी खात्री विचारली."

तेवढ्यात काकांना दारात ठोकळा दिसला. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याने दाराआड उभा असलेला पपांचा पाय एकदा हाताने सरळ केला आणि म्हणाला, "काका, चला. पेटी आपण दोघं घेऊन येऊ. त्या खोदणाऱ्याला इकडे आणायला नको सांगायला."

*

दफनभूमी चालत बारा मिनिटांवर होती. ठोकळ्याला बोलण्याची घाई कधीच नसे. लाकूड हातात घेऊन ते कुठून चिरतंय हे बघत बसावं, तसा तो माणसांनाही बघत बसे. सायकलच्या दुकानापाशी काका धाप लागून थांबले, तेव्हा त्याने विचारलं, "पेटीत काय आहे?"

"मला आत्ताच विचारू नको."

"पाऊण तासात ताई विचारेल. मला विचारू द्या आधी."

काका दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मग त्यांना थांबता येईना. आजीने त्यांना दवाखान्यात पाठवलं, तेव्हा ते अठरा वर्षांचे. तिथला माणूस म्हणाला, पाय काल दुपारीच भट्टीत गेला, अजून काय ठेवून घेतात होय? ते तासभर दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. घरी आजी, पाळक, शेजारी, सगळे वाट बघत बसलेले. आजीने निघताना बजावलं होतं, पायाशिवाय तोंड दाखवू नको. आणि आजीचं तोंड ज्याने बघितलंय त्यालाच ते कळेल.

"मग मागच्या दाराने कारखान्यात शिरलो. दादाचंच उजवं कलबूत घेतलं. त्याने स्वतःच्या मापाचं केलेलं. वजनाला एक ओंडका, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि बाहेरगावी माल जायचा त्या पत्रा लावलेल्या खोक्यात घालून खिळे ठोकले. बावीस खिळे. कोणी उघडू नये म्हणून. आई म्हणाली, एवढ्याशा पेटीत मावला का रे? मी म्हटलं, मावला. दादा खाटेवरून ऐकत होता."

ठोकळ्याला सगळं एकदम कळलं. लहान पेटी, दुमडलेली बोटं, अंगठा, उशीत खुपसलेलं तोंड. तो पपांचा मुलगा होता आणि भिंतीपलीकडून ते कण्हणं ऐकतच मोठा झाला होता. त्याला काकांना धरून हलवावंसं वाटलं. आणि त्यांची कीवही आली, कारण मागच्या खोलीची भिंत तर पपांच्या खाटेला लागूनच होती.

"चला," एवढंच तो म्हणाला.

कबर खोदणाऱ्याने पेटी अवजारांच्या खोलीत आणून ठेवली होती. बाहेरचं लाकूड भुसा झालं होतं, पण पत्रा शाबूत होता. ठोकळ्याने दार लावलं आणि छिन्नीने पत्रा उचकटला. गोणपाटाच्या काळ्या चिंध्यांत, ओंडक्याशेजारी, कलबूत जसंच्या तसं पडलं होतं, तेल पिऊन काळं झालेलं. टाचेवर पपांची खूण होती, एका आडव्या रेघेवर दोन टिंबं. आपल्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट जरा लांब आहे, म्हणून पपांनी तिथे लाकूड किंचित वाढवलं होतं. इतक्या लहान वयात किती नेमका हात होता त्यांचा! ठोकळ्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही.

मग त्याने नाक पुसलं आणि धंद्याचं बोलावं तसं बोलला. "ऐका. पांढरं कापड घेऊ. हे आत गुंडाळू, सुई-दोऱ्याने बंद शिवू. ताईला सांगू, आत बघण्यासारखं नव्हतं, मीच सरळ करून शिवून टाकलं. माझ्यावर विश्वास ठेवेल ती. मी कधी खोटं बोललेलो नाही."

"आणि आता बोलशील?"

"आईसाठी बोलेन. आणि तुमच्यासाठी. ताई तुम्हाला घरात राहू देईल का हे कळल्यावर? पपा तर गेले. आता कोणाचं काय बिघडणार आहे?"

काकांनी कलबूत हातात घेतलं. त्यांच्या मनात होकार येऊन बसला होता; ठोकळ्याला ते चेहऱ्यावर दिसत होतं. सुटकाच होती ती. एक वाक्य, थोडी शिवण, चार वाजता माती.

"गेला कुठे?" काका म्हणाले. "तुम्ही लोक म्हणता गेला. मी खरंच मानतो रे. आईसारखंच मानतो. तो उठणार. उठला की पहिल्यांदा खाली बघणार. अठ्ठावन्न वर्षं मला एकच भीती, की तो खाली बघेल आणि तिथे हे असेल. आणि मग तो मला शोधत येईल." त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि परत उघडले. "तेव्हा अठराचा होतो. घाबरलो होतो असं म्हणता येईल त्याला. आज परत गुंडाळून दिलं, तर त्या दिवशी काय सांगू? शहात्तर वर्षांचा होतो म्हणून?"

ठोकळ्याने पत्रा परत दाबून बसवला आणि पेटी उचलली.

*

सुनेने जिन्यावरच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ठोकळ्याचे डोळे लाल होते आणि काका पेटी त्याच्या हातून घेऊन स्वतः वर आणत होते, पायरी पायरी थांबत. तिने शेजारणींना चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं, दार ओढून घेतलं आणि परत आली. पाळक निघायला उठले, तर काका म्हणाले, "तुम्ही बसा. साक्षीला कोणीतरी हवं."

ताई खोळ घेऊन तयार होती. काकांनी पेटी जमिनीवर ठेवली, कलबूत काढलं आणि तिच्या हातातल्या त्या इस्त्री केलेल्या पांढऱ्या खोळीवर ठेवलं. मग सांगितलं. रस्त्यात अर्धा तास लागला होता, इथे पाच वाक्यांत झालं.

सुनेला वाटलं होतं ताई ओरडेल.

ओरडली ती सूनच, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सकाळी काकांची बाजू घेणारी ती एकटी होती.

"आरसा!" ती म्हणाली. "मी आरसा आणला होता, काका! दोन वर्षांपूर्वी! तुम्ही तिथेच होतात, त्या खुर्चीत!"

"कसला आरसा?" पाळकांनी हळूच विचारलं.

"कापलेला पाय दुखतो तो पायात दुखत नसतो. मेंदूला पाय गेल्याचं कळलेलं नसतं. चांगल्या पायाशेजारी आरसा ठेवायचा, तो पाय हलवायचा, आरशात दुसराही हललेला दिसतो. बोटं मोकळी होताना दिसतात. कितीतरी लोकांना आराम पडतो. आमच्याकडे रोज करतात. मी पपांना म्हटलं, पंधरा दिवस करून बघा. पपा म्हणाले, पाय पेटीत अडकलाय, आरसा काय करणार? आरसा भिंतीला लावून ठेवला त्यांनी. आणि हे..." तिचा आवाज फाटला. "हे चहा पीत बसले होते. एक शब्द बोलायचा होता. पेटीत पाय नाही, एवढंच. दोन वर्षं तरी झोपले असते ते."

"हो," काका म्हणाले. "त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं."

"तोंडापर्यंत!"

"अगं, बास," ठोकळा म्हणाला.

"का बास? तुम्ही ऐकलं नाही ते कण्हणं?"

"भाऊजी," आई मध्येच म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मग त्यांना दुखायचं, ते कुठे दुखायचं?"

सून नर्स होती, तिने आत्ताच ते समजावून सांगितलं होतं, पण हा प्रश्न तिला नव्हता. आई काकांकडे बघत होती. बावन्न वर्षं तिने रात्री उठून तेल गरम केलं होतं, खुंट चोळला होता आणि मनातल्या मनात त्या पुरलेल्या पेटीला विनवण्या केल्या होत्या.

काका शवपेटीपाशी गेले आणि कडेला हात ठेवून उभे राहिले. "दादा, चुकलं," ते म्हणाले. मग ताईकडे वळले. "पोरी, तूच आता मोठी या घरात. मला माफ..."

"माझ्याकडे मागू नका," ताई म्हणाली. "मला देता येणार नाही. माझी नाहीच ती द्यायला. ज्यांच्याकडून घ्यायची त्यांच्याकडून घ्या."

तिने कलबूत खोळीसकट पाळकांच्या मांडीवर ठेवून दिलं, कारण दुसरीकडे कुठे ठेवावं हे तिला सुचलं नाही. मग पपांच्या पायथ्याशी गेली. पॅन्टचा उजवा पाय गुडघ्याखाली पसरट पडला होता, त्यात काहीच नव्हतं. तिने सकाळपासून ती जागा राखली होती. सुनेला वाटलं, आता ही कोसळणार.

"ठोकळ्या," ताई म्हणाली, "जा, तुझा पाय घेऊन ये. मीच काढायला नको होता. घालूया त्यांना."

ठोकळा दारापर्यंत गेलासुद्धा. सकाळपासून त्याला हेच हवं होतं.

"नको," आई म्हणाली. "रात्री झोपताना ते काढूनच ठेवायचे." तिने पपांच्या अंगावरची चादर त्या रिकाम्या जागेवरून सारखी केली, रोज करायची तशीच. "आता झोपायलाच चाललेत ना? राहू दे. उठवणारा बघेल काय ते."

पाळकांनी मान खाली घातली. त्या घरात त्या दिवशी याहून बरं प्रवचन त्यांना सुचलं नसतं. ठोकळ्याने पाय आणला नाही. त्याने कोपऱ्यातून झाकण उचलून आणलं आणि स्क्रू मोजून खिडकीत मांडले.

पावणेचारला सगळ्यांनी एकेकदा पपांना पाहिलं. आई, मग ताई, मग ठोकळा. सून काकांच्या पुढे जाऊन उभी राहिली, मुद्दाम. तिचा राग गेला नव्हता आणि लवकर जाणारही नव्हता. ती बाजूला झाली तेव्हा काका पुढे आले, बराच वेळ थांबले, आणि ठोकळ्याने झाकण टेकवलं तरी हलले नाहीत.

"ताई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिला पोरी न म्हणता ताई म्हणाले. "उठेल ना गं तो?"

हा प्रश्न ताईला शाळेत दर वर्षी कोणीतरी विचारायचं, आणि वर्गाचं लक्ष उडण्याआधी तिचं उत्तर तयार असायचं. आज ती भिंतीकडे बघत राहिली. ठोकळ्याच्या हातात पहिला स्क्रू होता. सुनेला पहिल्यांदाच शंका आली की या बाईला उत्तर माहीत नसेल.

"उठतील," ताई म्हणाली.

"दोन्ही पायांवर?"

"दोन्ही पायांवर." ती काकांकडे सरळ बघत होती. "आणि आधी तुमच्याच मागे धावतील, काका."

काकांचा चेहरा गोळा झाला. हसू होतं की रडू, ते सुनेला शेवटपर्यंत कळलं नाही.

"धावू दे," ते म्हणाले. "मी पळणार नाही."